ह्या अंगाचा धनी

"याला कसली लाज! बाजारातला गडी आहे. या, एकेकानं बोट घालून बघा. अरुंदपणा हाताला कळला पाहिजे."

मोठे डॉक्टर हे म्हणाले तेव्हा मी नगरच्या दवाखान्यात टेबलावर कुशीवर पडलो होतो. कमरेखाली उघडा. पडदा अर्धाच ओढलेला. पाठीमागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका.

माझ्या मोठ्या आतड्याला जखमा व्हायच्या, रक्त पडायचं. शेवटी ते काढून टाकलं. लहान आतड्याचीच पिशवी शिवून आतल्या आत खाली जोडली. आता त्या जोडाचं तोंड आकसलं होतं. कुंथून कुंथून डोळ्यांपुढं अंधारी यायची, पोट ढोलासारखं फुगायचं. दुर्बिणीनं ते तोंड मोकळं झालं नाही, तर पोटाला भोक पाडून बाहेर पिशवी. जन्माची.

म्हणून गप्प पडलो. तिसगावच्या बैलबाजारात माझा आवाज या टोकाचा त्या टोकाला जातो. दुसऱ्यांचे बैल धरता धरता मी स्वतःची दावण उभी केली, कुणाच्या बापाचं देणं लागत नाही. तरी गप्प.

"पाय वर घे. हं. वळ."

एक बोट. मग दुसरं. कुणीतरी फिस्सकन हसलं.

मी बैलाला असंच वळवतो. पण नाही, बैलाची गत बरी. दात बघायचे तर गिऱ्हाईक आधी धन्याला म्हणतं, "बघू का?" न विचारता जबड्याला हात घातला की सौदा तिथंच मोडतो. मग गिऱ्हाईक सोयरा असो नाहीतर आमदार.

तिसरा शिकाऊ हातमोजा चढवत होता. मी उठून बसलो. चादर ओढली.

"थांबा. आमच्यात बैलाच्या तोंडाला हात लावायचा तरी धन्याला इचारत्यात. ह्या अंगाचा धनी मी हाय. मला कुनी इचारलं?"

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "उपचार नको असेल तर चालू लाग. पिशवी बांधून फिर."

भ्यालो. खरं सांगतो. पण मागं सरलो नाही.

"उपचार पायजे. पडदा बी पायजे. ही गर्दी भाईर. आन् आत काय करनार ते आधी मला सांगा."

"माझ्यापुढं अटी घालतोस?"

"व्हय. ठरल्याबिगर मी कासरा हातातून सोडत न्हाई."

डॉक्टरांनी मानेनं खूण केली, घोळका गेला. पडदा ओढला. माझ्याकडं न बघताच त्यांनी सांगितलं. दुर्बिणीतून फुगा घालून अरुंद जागा ताणायची, नाही जमलं तर आतूनच बारीक काप द्यायचा. रक्त येऊ शकतं, आतडं फाटू शकतं. आणि ती जागा पुन्हा आकसू शकते.

"करा," मी म्हणालो. मग आडवा झालो.

तोंड मोकळं झालं. घरी बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "डाक्टरशी भांडलात? उद्या पुना त्यांच्याच हाताखाली जायचंय ना?"

"जायचंय म्हनूनच भांडलो."

आता पुन्हा कुंथावं लागतंय. जोड आकसतोय. तेच टेबल, तेच डॉक्टर. माफी त्यांनी मागितलेली नाही, आणि मीही विसरलेलो नाही. मी जाणार. आधी पडदा ओढायला लावणार, मग विचारायला लावणार. न विचारता हात पुढं आला, तर तो हात धरणार.