बाहुलीचं माप

माझा दादा लोकांचे डोळे तपासतो. चष्म्याचा नंबर काढण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, त्याच दवाखान्यात नऊ वर्षं काउंटर सांभाळणारी म्हणून सांगते. पण एकदा कुठल्याशा जाड पुस्तकात त्याने वाचलं की आवडतं माणूस समोर आलं की डोळ्यातली काळी बाहुली आपोआप मोठी होते. झालं! त्याच्या डोक्यात जे खूळ शिरलं ते शिरलंच.

मावशीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. होणारा जावई घरी जेवायला आला, तर दादा अख्खं जेवण त्याच्या डोळ्यांत बघत बसला. तो गेल्यावर म्हणाला, "हिच्याकडे बघताना बाहुल्या हलल्यासुद्धा नाहीत." महिन्याभरात ते लग्न मोडलं. मग काय विचारता, पठ्ठ्या हवेतच! त्याचा स्वतःचा मात्र याच विद्येने घात केला. आम्ही एकामागून एक सात जणींशी त्याची ओळख करून दिली. हा प्रत्येकीकडे असा रोखून बघायचा, जणू मोतीबिंदू शोधतोय. घरी आल्यावर आईला सांगायचा, "तीन मिलिमीटर. जेमतेम." अडतिसावं लागलं तेव्हा आईने हात टेकले.

आणि एका मंगळवारी सकाळी ती आमच्याकडे पहिल्यांदाच आली. लांब पल्ल्याची बस चालवणारी, पस्तिशीतली, हसली की शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाणारी. दर सहा महिन्यांनी तिला डोळे तपासून दाखला न्यावा लागायचा. एरवी दादा आधी नंबर काढतो आणि मग मी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालते. त्या दिवशी गर्दी होती, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी तिला आधीच थेंब घालायला सांगितले. मी घातले. घातल्यावर कागदावर लाल पेनने वेळ लिहायची आमची पद्धत आहे. तेवढ्यात फोन वाजला, एक आजोबा फ्रेम ढिली झाली म्हणून भांडायला लागले, आणि मी लिहायची विसरले.

वीस मिनिटांनी दादा खोलीतून धावत आला. कान लाल, आवाज चिरका.

"अगं, मोठ्या झाल्या! माझ्याकडे बघितलं आणि या एवढ्या झाल्या! सात मिलिमीटर!"

"दादा, अरे..."

"मी तिला चहाला विचारलं. हो म्हणाली!"

थेंब घातलेली बाहुली उजेडातही लहान होत नाही, आणि बॅटरीचा उजेड पाडून ते बघणं हे त्याचं रोजचं पहिलं काम. नेमकं तेच हा गाढव विसरला होता! आत्ता सांगितलं तर हा पुन्हा कवचात शिरणार, आणि आता शिरला तर जन्मात बाहेर येणार नाही. नाही सांगितलं तर आणखी खुळ्यासारखं काहीतरी बोलून बसणार. मी तोंड मिटून गप्प बसले. भित्रेपणाच तो, दुसरं काय!

डॉक्टरांनी तिला तपासून दाखला दिला, पण थेंब उतरेपर्यंत गाडी चालवायची नाही असं बजावलं. जेवणाच्या सुट्टीत दोघं बाहेरच्या बाकावर चहा घेऊन बसली. तिला जवळचं सगळं धुरकट दिसत होतं, त्यामुळे कप दादानेच तिच्या हातात दिला. सुट्टी संपली तरी ती तिथेच होती, आणि दादा दोन पेशंटांच्या मधे बाकाकडे धाव घेत होता. दोघांनाही कुठेही वेळेच्या अर्धा तास आधी पोचायची सवय, दोघांनाही त्यावरून घरी बोलणी खावी लागतात, हे कळल्यावर तर त्यांना हसू आवरेना. सात जणींसमोर मुका बसणारा माझा भाऊ हातवारे करून बोलत होता! मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटत होत्या आणि त्याच वेळी रडू येत होतं.

चार वाजता मला राहवेना. दादाला खोलीत ओढलं आणि एका दमात सांगून टाकलं.

तो स्टुलावर बसला. "म्हणजे तिला मी... तसं काही नव्हतंच?"

"मला काय माहीत? तिला विचार ना!"

"बाहुल्यांवरून तपासण्यासारखं काही उरलंच नाही आता," तो म्हणाला. मग एकदम उठला आणि तडक बाकाकडे गेला. मी मागोमाग. आणि काय सांगू, त्याने तिच्यापुढे उभं राहून सगळं ओकून टाकलं! पुस्तक, सात जणी, मिलिमीटर, थेंब, सगळं. "मी चुकीच्या कारणाने तुम्हाला चहाला विचारलं. माफ करा," असं म्हणून मान खाली घातली.

ती हसेल म्हणून मी डोळे मिटले. ती हसली नाही.

"दोन वाजता माझा भाऊ मला घरी न्यायला स्कूटर घेऊन आला होता," ती म्हणाली. "मी त्याला परत पाठवलं. ते नाही का मोजलंत?"

ती उठली, त्याच्या अगदी जवळ गेली आणि मान तिरकी करून त्याच्या डोळ्यांत बघू लागली. "आत्ता कुठे मला जवळचं नीट दिसायला लागलंय. किती मोठ्या झाल्यात हो तुमच्या बाहुल्या! मला थेंब तुमच्या बहिणीने घातले. तुम्हाला कुणी घातले?"

"कुणीच नाही घातले!" मीच ओरडले, इतक्या जोरात की आतले सगळे पेशंट बाहेर आले.