रात्र स्वस्त होती तोवर

डेअरीत तिला सगळे बर्फताई म्हणत. यंत्रघरात खोलीएवढी लोखंडी टाकी होती, पाण्याने भरलेली, आत नळ्यांची वेटोळी. रात्री वीज स्वस्त, म्हणून रात्री मशीन चालवून नळ्यांवर बर्फ धरायचा आणि दिवसा दूध आलं की त्या गार पाण्यावर ते थंड करायचं. महागडी दिवसाची वीज वाचायची. हे काम तिने एकोणीस वर्षं केलं. म्हणजे एकोणीस वर्षं रात्रपाळी.

नवरा शिंपी. तो दुकान उघडायला निघायचा तेव्हा ही दारात चपला काढत असायची. "आमचा संसार उंबऱ्यावरच चालतो," असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा. बदली माणूस दोनदा आला आणि दोन्ही वेळा टिकला नाही. जुनं मशीन तिलाच कळायचं. बर्फ किती धरलाय ते ती बोटांनी मोजायची. चार बोटं झाला की मशीन बंद.

दोन-तीन वर्षांपासून विजेचं बिल फुगत चाललं. साहेब म्हणाले, "म्हातारी झाली टाकी. वीज खातेय नुसती. भंगारात काढू." पण मालकांना आधी खात्री हवी होती, म्हणून टाकी खरंच वीज खाते का ते तपासायला बाहेरून एक तपासनीस बाई आली. बर्फताईचा जीव टांगणीला लागला. टाकी गेली तर आपणही गेलोच, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

तपासनीस बाईने पंधरा दिवस मीटर लावले, तासातासाची वीज टिपली. सोळाव्या दिवशी सकाळी पाळी संपवून ताई घरी निघाली होती, तेवढ्यात साहेबांच्या केबिनमधून बोलावणं आलं.

"टाकी ठणठणीत आहे," तपासनीस म्हणाली. "अजून दहा वर्षं चालेल."

ताईने सुटकेचा श्वास घेतला. साहेबांचा चेहरा मात्र पडला. "मग बिल का वाढतंय?"

"तुम्ही बर्फ रात्री करता म्हणून."

ताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मॅडम, रात्रीच तर वीज स्वस्त असते."

"असायची, ताई. आता दिवसा उन्हाची वीज इतकी येते की सकाळी नऊ ते पाच सगळ्यात कमी दर आहे. रात्रीचा दर दिवसाच्या दुप्पट. तीन वर्षं झाली बदलून." तिने कागद पुढे सरकवला. "या तीन वर्षांत जेवढे पैसे जास्त गेले, तेवढ्यात अशी दुसरी टाकी आली असती."

साहेबांनी हिशेबनिसाला हाक मारली. तो आला, ऐकलं, आणि सहज म्हणाला, "हो, आलं होतं की दर बदलल्याचं पत्रक. फायलीला लावलंय."

"मला का नाही सांगितलं?" ताईने विचारलं.

"तुम्हाला?" त्याला खरोखरच नवल वाटलं. "ते बिलाचं पत्रक होतं, ताई."

तिने ते मागून घेतलं. कोपऱ्यात तारीख होती. ती तारखेकडे बघत राहिली. त्यानंतर बरोबर दहा महिन्यांनी तिची आई गेली होती. आई तिच्याकडेच होती, अंथरुणाला खिळलेली. त्या संध्याकाळी तिने हिचा पदर धरला होता. "आज नको जाऊस ना गं." आणि ही म्हणाली होती, "आई, बर्फ कोण धरणार? सकाळी येतेच." सकाळी आली, तेव्हा आईचा हात गार पडला होता.

"पहिली सोळा वर्षं खरी आहेत, ताई," तपासनीस हळूच म्हणाली. "तेव्हा तुम्ही खूप वाचवलंत."

साहेबांना एकदम हुशारी आली. "बघा! आता दिवसपाळी घ्या. तुमचंच बरं झालं की!"

ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उगाचच टेबलावरचे कागद नीट करू लागले.

घरी न जाता ती थेट नवऱ्याच्या दुकानात गेली. त्याने मशीनवरचा पाय काढला. तिने सगळं सांगितलं, आईचं सोडून. त्याला ते न सांगताच कळलं. बराच वेळ तो हातातली बाही उलटसुलट करत राहिला.

"इतक्या वर्षांत तू कधी विचारलं नाहीस कोणाला?"

"अहो, असं कोणी विचारतं का, की रात्र अजून स्वस्त आहे ना म्हणून?"

आणि मग ती रडली. दुकानात, गिऱ्हाइकासमोर, तोंडात पदर कोंबून.

पुढच्या सोमवारपासून ती दिवसपाळीला लागली. पहिल्या दिवशी दुपारी दोनला नळ्यांवर बर्फ धरू लागला, तेव्हा तिला काहीतरी चोरून केल्यासारखं वाटलं. पहिल्याच महिन्यात बिल उतरलं. तिने साहेबांना सांगून एक नियम करून घेतला: दराचं प्रत्येक पत्रक आधी यंत्रघरात येईल, तिची सही झाल्यावरच फायलीत जाईल. हिशेबनीस कुरकुरला, पण आणू लागला. रात्रीची झोप मात्र तिला अजून नीट लागत नाही.

मध्यंतरी तपासनीस बाईचा फोन आला. दुसऱ्या डेअऱ्यांसाठी ती एक अहवाल लिहीत होती. "नाव न घालता तुमच्या टाकीचं उदाहरण देऊ का, ताई?"

"द्या," ताई म्हणाली. "आकडे घाला सगळे. पण पत्रक कोणत्या तारखेला आलं आणि मला कोणत्या तारखेला कळलं, तेही घाला."

पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला. ताईने दोन्ही तारखा सावकाश सांगितल्या.