मालकाचं लिमिट

आमच्या पनवेलच्या ऑफिसात सर्व्हर कधीमधी बंद पडतो, किस्से मात्र चालूच! चहाला तिघं जमले की एक तरी निघतोच.

आता बघा, आमच्या सर्व्हरवर प्रत्येकाला एक लॉगिन क्लास असतो. कुणी किती मेमरी खायची, किती प्रोग्रॅम चालवायचे, ते त्यावर ठरतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या वैशाली मॅडमनी दोनच क्लास ठेवले होते, 'स्टाफ' आणि 'शिकाऊ'. आमचे मालक, गव्हाणचे दादा, भडकले. "जागा माजी, मशीन माजी, न मलाच लिमिट?" झालं! तिसरा क्लास निघाला, 'मालक'. त्याला लिमिटच नाही.

*

एकदा मॅडमनी आमच्या सलीमला आपल्या खुर्चीत बसवून स्टाफचं लिमिट वाढवायला सांगितलं. पठ्ठ्यानं फाईल बदलली आणि संध्याकाळपर्यंत "काहीच फरक नाही!" म्हणून सर्व्हरला शिव्या घातल्या. मॅडम म्हणाल्या, "फाईल तुझ्यासाठी आहे रे. सर्व्हर तिच्यावरून बनवलेला डेटाबेस वाचतो. तो बनवायचा राहिला!"

*

मग सलीमनं हौसेनं स्वतःच्या लॉगिनवर प्रोग्रॅम लिहिला. एका सिस्टिम कॉलनं, म्हणजे सिस्टिमला थेट केलेल्या विनंतीनं, आपला क्लास वाचायचा, दुसऱ्यानं बदलायचा. वाचता आला. बदलायला गेला तर साफ नकार, तो अधिकार फक्त मॅडमना! "यार, आमच्या टीव्हीसारखंच झालं. बघायचं आपण, रिमोट अम्मीकडे!"

*

पण खरी मजा निकालाच्या दिवशी. कॉलेजचा निकाल आमच्या सर्व्हरवर लागणार होता, आणि सर्व्हर अडकला तर काम दुसऱ्याला, असं कॉलेजनं बजावलं होतं. मॅडमनी आदल्या दिवशीच दादांना विचारून त्यांना 'शिकाऊ'त टाकलं. तरी दुपारी सर्व्हर रांगायला लागला. पाहतो तर दादांचे बैलगाडी शर्यतीचे व्हिडिओ बनतायत, तेही 'मालक' क्लासमध्ये! नवा क्लास पुढच्या लॉगिनला लागतो, आणि दादांनी कित्येक महिने लॉगआऊटच केलं नव्हतं.

मालकाचं काम न विचारता कोण बंद करणार? मॅडमनी फोन लावला. दादा साखरपुड्यात, मागे बँजो.

"दादा, सगळं बंद करून लॉगआऊट व्हा!"

"मालकच भायेर गेल्यावर हापिस कोन बगल?"

"मी बघते!" मॅडम ओरडल्या. पहिल्यांदाच.

दादांनी तिथूनच मोबाईलवरून सगळं बंद करून लॉगआऊट केलं. निकाल झकास लागला, काम आमच्याकडेच राहिलं. आम्हाला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी 'शिकाऊ'च्या लिमिटमध्ये दादांचा व्हिडिओ काही बनेना. मॅडम म्हणाल्या, "दादा, परत 'मालक'मध्ये टाकते."

दादा मिश्या कुरवाळत म्हणाले, "नको. सगला गाव रोज कायतरी मागायला येतो. आता सांगता येल, मलाच लिमिट हाय!"