आमच्या अंगणात न आलेली पालखी

शिमगा जवळ आला की मला अजूनही माहेरी जायची घाई होते. रत्नागिरीहून गाव तसं लांब नाही. सकाळच्या एसटीने निघालं तर जेवणाच्या आधी पोचता येतं. तरी मी आठवडाभर आधीच पिशव्या भरायला घेते आणि घरातले हसतात. "साठी उलटली, तरी हिचं माहेर काही सुटत नाही," म्हणतात. नाहीच सुटत. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीने बापाच्या अंगणात तिची ओटी भरायची असते. सासरी सोन्याच्या राशी असल्या (माझ्या नव्हत्या, हे सांगायला नकोच), तरी ही ओटी माहेरीच.

मला दोन भाऊ. थोरला दादा मुंबईत महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेला, गावाच्या मुंबई मंडळात पुढे पुढे असणारा. धाकटा गावातच राहिला. काजूची बाग, भातशेतीचे चार कुणगे, दरवर्षी कौलं परतणं आणि आईबाबांचं शेवटचं आजारपण, सगळं त्यानेच केलं. मी मधली. दोघांच्या भांडणात मध्ये उभं राहायचं काम लहानपणापासून माझ्याकडे आहे, आणि त्यात मला कधी बढती मिळालेली नाही.

गावच्या शाळेत आम्ही तिघंही होतो. रोज सकाळी प्रतिज्ञा दादा सांगायचा. त्याचा आवाज असा खणखणीत, की खालच्या वाडीतल्या बायका त्यावर चुलीवरचं आटपायला घेत. धाकटा तेव्हा पहिलीत. पुढे धरलेला उजवा हात दुखायला लागला की तो खालून डाव्या हाताचा टेकू द्यायचा. दादाला ते समोरून दिसायचं. एक शब्दही न चुकता तो धाकट्याकडे बघून डोळा मिचकवायचा, आणि धाकट्याला हसू आवरायचं नाही. देश म्हणजे काय ते मला कळत नव्हतं. दादा पुढे आहे आणि धाकटा शेजारच्या रांगेत आहे, एवढं कळत होतं आणि तेवढं पुरत होतं. त्या सकाळींची मला आता फार आठवण येते.

ती शाळा पोरं नाहीत म्हणून बंद झाली. तिच्या पडवीत आता गावकीच्या सभा होतात. दोन वर्षांपूर्वी शिमग्याच्या आधी अशीच सभा होती, आणि दादाने मुंबई मंडळाच्या वतीने ठराव मांडला. यापुढे सभेची सुरुवात प्रतिज्ञेने करायची, सगळ्यांनी उभं राहून, हात पुढे करून. जो म्हणणार नाही त्याच्या घरी पालखी जाणार नाही.

दादाच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्याचा जीव खरोखर तुटतो. कुठे जवान गेल्याची बातमी आली तर त्याला घास उतरत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुंबईची काही तरुण मुलं झेंडावंदनालाही मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती. त्याचा राग त्याला होता आणि नियम त्यांच्यासाठीच होता. आपल्या घरातूनच कोणी नाही म्हणेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसणार.

सगळे उठले. धाकटाही उठला. पण हात पुढे केला नाही आणि तोंड उघडलं नाही.

मी पडवीच्या टोकाला बायकांत बसले होते, तिथून मला दोघांचे चेहरे दिसत होते. प्रतिज्ञा संपल्यावर दादा म्हणाला, "एक मिनिट लागतं रे. त्यात तुझं काय जातं?"

"काय जात न्हाय, म्हनून तर म्हनत न्हाय," धाकटा म्हणाला. "ज्यात काय जात न्हाय त्येची परीक्षा कसली? ही शाळा बंद झाली तवा मी तालुक्याला खेपा घातल्या. तवा मंडळाचा एक मानूस न्हवता संगती. देश माजा हाय तो हायच. पन पालखीची भीती घालून कोन म्हनवून घेनार आसल, तर मी न्हाय म्हननार."

"हे राजकारण तुला कोणी शिकवलं?" दादाने विचारलं.

"तुला ज्येनी शिकवलं त्येनी न्हाय," धाकटा म्हणाला.

झालं. त्यानंतर जे बोलणं झालं ते टीव्हीवर रोज रात्री चालतं तसंच, फक्त मध्ये जाहिराती नव्हत्या. एकाने दुसऱ्याला देशद्रोही म्हटलं, दुसऱ्याने पहिल्याला मुंबईचा चमचा. त्या प्रतिज्ञेत सगळ्या देशाला बांधव म्हटलं आहे, आणि ती म्हणायची कशी यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ तुटले. मला दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली. मला विचाराल तर दोघंही खरं बोलत होते, आणि म्हणूनच कोणी मागे हटेना.

त्या वर्षी पालखी आमच्या पाखाडीने, म्हणजे घरापुढच्या दगडी पायवाटेने, आली. मी ताट घेऊन अंगणात उभी होते. सडा घातलेला, रांगोळी काढलेली, नारळ सोललेला. धाकट्याने तयारी सगळी केली होती, नेहमीसारखी. त्याला वाटत होतं, आपल्याच घराशी आल्यावर दादा पालखी थांबवेल. पुढचा खांदा दादाचाच होता. तो खाली मान घालून चालत राहिला आणि पालखी शेजाऱ्यांच्या अंगणात गेली. दादाने केलेल्या नियमाने दादाच्याच बापाचं घर वगळलं, आणि आता तो त्याला मोडता येत नव्हता. मी ताट घेऊन आत आले. साडीचोळी तशीच पिशवीत घालून परत नेली.

तेव्हापासून दादा शिमग्याला येतो, पण मंडळातल्या एका सोबत्याकडे उतरतो. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मला मात्र फोन दोघांचेही येतात. दादा विचारतो, "काजू यंदा कसा आहे?" म्हणजे धाकटा कसा आहे. धाकटा विचारतो, "मुंबयत लय उकडतंय म्हनं?" मी दोघांनाही हवापाण्याचं सांगते.

यंदा मी ठरवलं, ओटी परत न्यायची नाही. पालखी सहाणेवर बसते, म्हणजे गावाच्या मधल्या चौथऱ्यावर, तिथे जाऊन भरायची. धाकटा म्हणाला, "जा तू ताये. मी येत न्हाय." मी एकटी गेले.

ओटी भरली की मानकरी गाऱ्हाणं घालतात. देवीपुढे मागणं मांडायचं आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साद द्यायची. मानकरी म्हातारे, त्यांचं गाऱ्हाणं प्रत्येक माहेरवाशिणीसाठी ठरलेलं. "आये, ही गावची लेक तुज्या पायाशी आलीय. तिची ओटी मानून घे."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या माह्यारचा दिवा तेवत ठेव. तिच्या भावांना एका विचारानं, एका जाग्याला ठेव."

दादा पालखीच्या दांडीला हात लावून माझ्यासमोर उभा होता. सगळ्या गावाने साद दिली. दादाने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही, कोणी त्याला का म्हणून विचारलं नाही. मीच तेवढी बघत होते. तो खणखणीत आवाज मला हवा होता, एकदाच. मी थोडा वेळ तिथेच रेंगाळले. मग दुसरी बाई ताट घेऊन पुढे आली आणि मला बाजूला व्हावं लागलं.

घरी आले तर धाकटा पडवीतच बसला होता. पाणी द्यायच्याही आधी त्याने विचारलं, "गाऱ्हान्याला दादा व्हता?"

"होता."

"भावांचं म्हनले तवा साद दिली त्यानं?"

त्याचा चेहरा पहिलीतल्या पोरासारखा झाला होता. माझ्याने खरं सांगवेना.

"दिली," मी म्हटलं. "सगळ्यात मोठ्याने."

 धाकटा उठून आत गेला आणि बायकोला म्हणाला, "एक पान जास्त मांड." तिने पान मांडलं, पुरणपोळी वाढली, वर तूप घातलं. आम्ही कोणीच जेवायला बसलो नाही. धाकटा सारखा उठून पाखाडीकडे बघून येत होता. माझी तिकडे बघायची हिंमत झाली नाही.