फोटोतला पत्ता

लॅपटॉपवर फोटोतल्या जागेची ती ओळ येणार म्हटलं की मावशी डोळ्यांवर आडवा तळहात धरायच्या. "मला नको सांगू बाय," म्हणायच्या. "ठाव झालं तर तोंडातून निघंल."

आमच्या मनवेलपाड्याच्या इमारतीत त्या समोरच्या दारात राहायच्या. माहेर-सासर दोन्ही अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातलं. नवरा गेल्यावर मुलाच्या फ्लॅटवर आल्या. जिन्यात उभ्या राहून खालच्या बाईला सुक्या बोंबलाची चटणी सांगायच्या, ती वरच्या मजल्यालाही पाठ व्हायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही. मावशींना स्वतःबद्दल हे पक्कं ठाऊक होतं.

त्यांची सून नातीला घेऊन निघून गेली होती. का गेली, ते सगळ्या इमारतीला माहीत होतं. भिंती पातळ आहेत. मुलगा कामावर असताना मावशींनीच तिला रिक्षात बसवलं. "पोटचा हाय माझ्या, पन हात वाईट त्याचा," एवढंच मला म्हणाल्या. सून कुठं जाते आहे, ते त्यांनी विचारलंच नाही.

पुढे सून गुपचूप नातीचे फोटो पाठवू लागली. एकदा फोटोवर बोट फिरवताना खाली अचानक तो कुठं काढला त्याचा नकाशा उघडला. मावशी तो न वाचताच फोन पदरात गुंडाळून माझ्या दारात आल्या. मुलगा त्यांचा फोन अधूनमधून चाळायचा, म्हणून आधी मी ते फोटो त्यावरून काढून टाकले.

मी घरून एका जुन्या छायाचित्रसंग्रहाचं काम करते. फोटोच्या फाइलमध्ये तारीख, कॅमेरा, जागा अशी माहिती लपलेली असते. ती वाचायची, सुधारायची, हे माझं रोजचंच. मी म्हटलं, "सुनेला फोनमधली सेटिंग बंद करायला सांगते. फोटो माझ्या मेलवर येऊ देत, मी जागा पुसून तुम्हाला देईन."

"सांग तिला. पन ती दमलेली असते, इसरंल. आनि पुसनार मी. माझ्या हातून राह्यलं तर दोष माझा."

"फोनमध्ये ठेवायचेच कशाला? माझ्याकडे येऊन बघत जा."

"बाप हाय तो. पोरीला बघू दे की त्याला. फक्त वाट नको सापडाया."

अशा त्या शिकायला बसल्या. आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली तेव्हा म्हणाल्या, "यात चित्र कुठंय?" इंग्रजी अक्षरं बसच्या पाट्यांवरून ओळखीची, पण कीबोर्डवर ती विखुरलेली. एक एक शोधून, तोंडानं उच्चारून, बोट दाबायच्या. मध्ये मोकळी जागा सोडायची राहिली की यंत्र फाइल सापडत नाही म्हणायचं. "रुसला मेला," म्हणत पुन्हा पहिल्यापासून.

आज्ञा पहिल्यांदा बरोबर लागली तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. मग मी दाखवलं, की शेजारी जुनी फाइल जशीच्या तशी शिल्लक आहे. पुसण्याआधीची प्रत हा प्रोग्राम आपणहून ठेवतो. "म्हंजे पुसलं कुठं? नुसतं लपवलं!" त्या लॅपटॉपवर खेकसल्या. प्रत ठेवू नकोस, असं सांगणारा आणखी एक शब्द त्या दिवशी शिकल्या. सगळीच माहिती एका झटक्यात उडवता येते, तेही सांगितलं. तेवढं मात्र त्यांनी ऐकलं नाही. "तारीख राहू दे. पोर कवा केवढी होती, ते कळाया नको?"

मग एका संध्याकाळी मुलाला आईच्या फोनमध्ये ते जागा पुसलेले फोटो दिसले. त्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला. "कुठंय ती? तुला माहितीये!"

"देवाची शपथ, ठाव नाय. ठाव असतं तर माझ्या तोंडावर दिसलं नसतं तुला?"

मी जाऊन बेल वाजवली. दार मावशींनी उघडलं, एक हात पदराखाली धरून. आत तो जमिनीवर बसला होता, लेकीचा चेहरा बोटांनी मोठा करत. रडत होता.

दुसऱ्या दिवशी मावशींचं मनगट सुजलं होतं. "दारात सापडला," म्हणाल्या आणि डाव्या हातानं अक्षरं शोधू लागल्या. थोड्या वेळानं स्क्रीनकडे बघतच म्हणाल्या, "खरं बोलले बाय. खोटं बोलाया लागलं असतं, तर मेलेच असते."

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत पाणी झालं. मुलानं रजा टाकली आणि हॉस्पिटलातून हलला नाही. मी गेले तेव्हा तो त्यांना चमच्यानं पाणी पाजत होता, हनुवटीवर ओघळलेलं आपल्या रुमालानं टिपत होता. त्यानंतर मावशी घरी आल्या नाहीत.

बाराव्यानंतर तो माझ्या दारात उभा राहिला. "ताई, आई तुम्हाला काही बोलली होती? कुठं आहेत त्या दोघी?"

"त्यांनाच माहीत नव्हतं."

"आणि तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. फोटो तपासताना ती ओळ मी कितीदा वाचली होती. पण माझं तोंड मावशींसारखं नाही. त्यानं मान डोलावली आणि समोर जाऊन आपलं दार लोटून घेतलं.

सुनेला मी मेलवर कळवलं. तिनं एकच विचारलं, "शेवटी जवळ कोण होतं?"

खोटं लिहावं असं क्षणभर वाटलं. मग लिहिलं, "तो होता. पाणी त्यानंच पाजलं."

दोन दिवसांनी उत्तर आलं, "बरं झालं. त्यांना तोच हवा असणार."

त्यानंतर तिच्याकडून फोटो आला नाही. मीही मागितला नाही.