बुधाजीचं बोलावणं

नांदखारच्या सोनाबाई धवलारणीला कोणी गोड बोलताना ऐकलेलं नाही. लग्नघरी चहा पातळ मिळाला, की ती कपात डोकावून विचारायची, "यात म्हशीनं तोंड घातलेलं, का नुसती लांबनं बगून गेली?" तरी लोक बोलवायचे. पनवेलच्या या पट्ट्यात धवला, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणाऱ्या बाया आता बोटावर मोजाव्यात एवढ्या उरल्यात आणि त्यातली जिला अख्ख्या गावाची मेलेली माणसं घराघरानं पाठ आहेत अशी ही एकच.

आगऱ्याच्या लग्नात भटजी येतो तो मागाहून. आधी धवलारीण. हळदीच्या दिवशी ती मांडवात सूप घेऊन बसते आणि त्या घरातून गेलेल्या सगळ्यांना नावानिशी लग्नाला बोलावते. एक नाव, एक चिमूट तांदूळ पाटावर. नाव घेतलं तो मांडवात आला, जेवला, पोरांना आशीर्वाद देऊन गेला. ज्याचं राहिलं तो मांडवाबाहेर उपाशी उभा. म्हणून मेलेला एकही सुटता कामा नये. आणि जित्याचं नाव तर चुकूनही तोंडात येता कामा नये. आलं तर त्या माणसाला साल सरत नाही. सोनाबाई हे सासूकडून शिकली. सासू जनी. जनीसारखा गळा पुन्हा झाला नाही असं जुनी माणसं सांगत, आणि गावाच्या नव्या समाजमंदिराला जनीचंच नाव द्यायचं पक्कं झालं होतं. त्यासाठी सोनाबाईचा लेक कुंदन दोन वर्षं पंचायतीत चपला झिजवत होता.

तर अशात भगवान बैलवाला सोनाबाईच्या ओट्यावर आला. सत्तरीचा गडी. नातवाचं, केतनचं लग्न काढलेलं.

"वयनी, हलदीला तूच पायजेस. पोरांनी डीजे सांगलाय, तो वाजंल नंतर. आदी धवला."

"नावं बोल," सोनाबाई म्हणाली. "तुमचा घर मना पाठ हाय, पन यजमानानं बोलाची रीत हाय."

भगवाननं नावं सांगितली. बाप हाशा, आई, एक भाऊ, तापानं गेलेली बहीण. थांबला.

"हाशाच्या वरती?"

"वरती कोन नाय."

"हाशा काय भेंडीच्या झाडाला लागलेला?"

भगवान हसला नाही. "वयनी, आमच्या घरात हाशापासनं बोलवतात. तुला म्हाईत हाय. तुझी सासू पन तशीच गायची." आणि उठून गेला.

सोनाबाईला माहीत होतं. तिच्याएवढं कोणालाच माहीत नव्हतं. डाक्टरनं तिच्या छातीचा फोटो उजेडाकडे धरून कुंदनला बाहेर नेऊन काय ते सांगितलं होतं, त्याला महिना झाला होता. हे लग्न झालं, की पुढचं मिळेलच याचा भरवसा नव्हता. आणि ती गेली, की हाशाच्या बापाचं नाव घेणारं तोंड या गावात उरणार नव्हतं.

हाशाच्या बापाचं नाव बुधाजी.

गावात 'तीसचं साल' म्हटलं की सांगणाऱ्याची छाती फुगते. त्या साली चैत्रात खाडीवर येऊन लोकांनी सरकारचा कायदा मोडून मीठ उचललं. मिठागरातले आगरी तेव्हा हसले होते. म्हणे, आमची पाठ सोलून निघाली मीठ ओढून, आणि या धोतरवाल्यांना चिमूटभर मिठाची एवढी मिरवणूक! पण भादव्यात जंगलाची पाळी आली, तेव्हा कोणी हसलं नाही. चुलीच्या लाकडालाही सरकार आडवं यायचं. कोयते घेऊन माणसं चिरनेरच्या रानात चढली आणि पोलिसांनी गोळी घातली. माणसं मेली. कित्येकांना बांधून नेलं. नांदखारचा धर्मा त्या गर्दीत होता. मांडीत गोळी घेऊन तो रानातून सरपटत खाडीला लागला आणि तिसऱ्या दिवशी गावात पोचला.

पोलीस घराघरात शिरत होते. गावातल्या मोजक्या माणसांनी मग अक्कल काढली. धर्मा खाडीत बुडून मेला अशी हूल उठवली. बायकोनं बांगड्या फोडल्या, दहावं घातलं, कावळ्याला पिंडसुद्धा दाखवला. आणि धर्मा मिठागरातल्या एका खोपटात पडून. त्याला होडीतून भाकर न्यायचा त्याचा दोस्त बुधाजी. खोपटाची जागा चारच माणसांना ठाऊक. पोलीस आले, रडणारी बायको बघितली, कागदावर काही लिहिलं आणि गेले. गाव सुटलं.

मार्गशीर्षात धर्माच्या पुतण्याचं लग्न निघालं. धवलारीण जनी. बावीस वर्षांची, नुकतीच सूप हातात घेतलेली. मांडवात ती धर्माच्या घराची नावं घेऊ लागली. आजा आला, आजी आली, चुलता आला. मग धर्माची जागा आली. गावाला तो मेलेला. पण त्या मोजक्यांतल्या जनीला माहीत, तो जिता आहे. नाव घ्यावं तर तो खरंच मरायचा. न घ्यावं तर...

त्या 'तर'चा विचार तिनं केलाच नाही. रीत ती रीत. जनीनं धर्माला वगळलं आणि पुढचं नाव घेतलं.

पोलिसांना यातलं काय कळणार होतं? पण मांडवात पोलीसपाटलाची बायको भामा बसली होती, बायांत बाई, आगऱ्याचीच लेक. चिमटी मोजत बसलेली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर जनीच्या कळशीशेजारी आपला दोर सोडता सोडता ती हसून म्हणाली, "जने, दहावं जेवलो आमी धर्माचं आणि तू काल त्याला बोलवाला विसरलीस गो? की तो लग्नाला आपल्या पायानं येनार होता?"

जनीच्या हातून कळशी सुटली म्हणतात. कोण म्हणतं? जनीच म्हणाली, चौऱ्याऐंशी साली, मरताना, सुनेला.

धर्मा जिता आहे हे भामानं नवऱ्याच्या कानावर घातलं, आणि जिता माणूस लपवायला मिठागराशिवाय जागा नव्हती; तिसऱ्या दिवशी पोलीस होडी घेऊन थेट तिथेच उतरले. खोपटं एकएक करून बघू लागले आणि धर्मा सापडला. पौषात निरोप आला, कैदी तापानं मेला. मढंही दिलं नाही. आता त्याचं खरंच दहावं घालायचं होतं आणि एकदा घातलेलं पुन्हा कसं घालायचं हे गावात कोणाला सांगता येईना.

गावाला आता धरून द्यायला माणूस पाहिजे होता. खोपटाची जागा ठाऊक असलेल्या चौघांतला बुधाजी धर्मा सापडायच्या आदल्या दिवशी पनवेलच्या कचेरीसमोर उभा दिसला होता. त्याचा बैल कोणाच्या शेतात शिरला म्हणून कोंडवाड्यात पडला होता, तो सोडवायला गेलेला. सोडवून आणला. बास. "बैल आनला, धर्मा दिला," एवढी चार शब्दांची ओळ गावाला पुरली. त्याला वाळीत टाकलं. विस्तव बंद, पाणी बंद, होडीला हात लावायची बंदी. बायको धाकट्या हाशाला घेऊन दारोदार पाया पडली; दारं उघडली नाहीत. होळीच्या आधी एका भरतीला बुधाजीनं खारबांधाच्या उघाडीशी, पाणी आतबाहेर सोडतात त्या लाकडी दाराशी, स्वतःला दोरानं बांधून घेतलं. ओहोटी लागली तेव्हा तो उभाच होता. पाणी त्याच्या डोक्यावरून येऊन गेलेलं.

जनीनं ते बघितलं. नंतरची पन्नास वर्षं ती गायली. बुधाजीच्या घरातही गायली आणि तिथे हाशापासूनच बोलावलं. सुनेला म्हणाली, "मी बोल्ले असते तर मना उघाडीला बांधला असता. माजी पोरं लहान होती." आणि वर बजावून गेली, "तू बोलू नको."

बुधाजीच्या घराला 'बैलवाले' नाव चिकटलं. पुढं म्हातारीकोतारी सोडली तर गाव विसरलं, घर विसरलं नाही. जमिनी गेल्या, त्यावर विमानं उतरू लागली, बैलवाल्यांचे चार डंपर झाले. केतननं प्रत्येक डंपरच्या मागे शिंगं रोखलेला बैल रंगवून घेतला. त्याला वाटायचं, खापरपणजा शर्यतीचा गडी होता. भगवाननं त्याला कधी अडवलं नाही.

हळदीच्या दुपारी मांडव गच्च भरला होता. आपटा गावाहून भगवानच्या लेकी आपल्या सुना घेऊन आल्या होत्या. केतन पाटावर, अंगाला हळद, हातात मोबाईल. डीजेवाला वायरी जोडत होता. सोनाबाईनं सूप मांडीवर घेतलं, खोकली, आणि लावला आवाज. देव बोलावले, गाव बोलावलं, शिवेवरचा राखणदार चेडा बोलावला. मग घर.

"ये गो ये, मांडवाखाली ये, हाशाची अस्तुरी ये. ये रं ये, हाशा ये..."

चिमूट पडत होती. भगवान हात जोडून बसला होता. नावं संपली असं समजून तो उठायला लागला, तेवढ्यात सोनाबाईनं परत सुपात हात घातला.

"ये रं ये, मांडवाखाली ये, हाशाचा बापूस ये. बुधाजी ये. पंच्यान्नव वर्सं भाईर राह्यलास, आत ये."

मागच्या बायांतून एक म्हातारी फुटलीच, "अगो, बैलाचा तो! धर्माला दिला तो!"

आपट्याच्या एका सुनेनं विचारलं, "कोण बुधाजी?" आणि दोघीतिघींनी तिला एकदम सांगायला सुरुवात केली.

भगवान लाल झाला. "वयनी, बंद कर! माज्या दारात येऊन माजी अब्रू काडतंस? कोनी शिकवला तुला?"

"शिकवला नाय कोनी. खरा हाय म्हनून बोलते. बुधाजीनं धर्माला दिला नाय."

"मंग कोनी दिला?"

 कुंदन खुर्च्यांमधून वाट काढत आईकडे येत होता; त्याला पुढचं कळलं असावं, कारण तो लांबूनच हात हलवून नको नको करत होता.

"माज्या सासूनं," सोनाबाई म्हणाली. "जनीनं. जित्याला बोलवाला नको म्हनून लग्नात त्याचा नाव सोडला आनि पाटलाच्या बायकोनं ओलखला. धर्माला वाचवाला गेली आनि दोघं मारली. एक त्या दिवशी, आनि एक गप राहून."

कोणी रडलं नाही, कोणी पाया पडलं नाही. एका म्हाताऱ्यानं फक्त विचारलं, "मंग त्या समाजमंदिराच्या पाटीचा काय?" केतननं मोबाईल खाली ठेवला. त्याला पहिल्यांदाच कळत होतं, की डंपरवरचा बैल कुठून आलाय. मग कोणीतरी खूण केली आणि डीजे सुरू झाला. पाटावर बुधाजीची चिमूट होती, ती नाचणाऱ्यांच्या पायांनी विस्कटली.

जनीच्या नावाची पाटी निघाली, लावायच्या आधीच. कुंदन आईशी चार दिवस बोलला नाही, बोलला तेव्हा म्हणाला, "छातीत पानी झाल्यावर बरी अक्कल सुचली तुला."

पाचव्या दिवशी भगवान आला. धवलारणीचा मान सुपात घेऊन: लुगडं, नारळ, शेरभर तांदूळ. तो ओट्यावर बसला नाही.

"जनीआयनं तुला कवा सांगला?"

"ती गेली तवा. चौऱ्याऐंशीला."

भगवान बोटांवर मोजू लागला. सोनाबाईला कळलं तो काय मोजतोय, कारण ते तिनं कधीच मोजून ठेवलेलं होतं.

"माजा बाबा गेला दोन हजार तीनला," भगवान म्हणाला. "एकोनीस वर्सं. या तुज्या ओट्याखालनं जायचा तो, मान खाली घालून. आपला बापूस गद्दार होता म्हनून चावडीवर कदी बसला नाय. मेला तवा मना बोल्ला, माजा नाव पन घेऊ नका. मी ऐकला नाय ती गोष्ट येगली." त्याचा आवाज चढलाही नाही. "तू बगायचीस त्याला?"

"बगायचे."

"आनि?"

सोनाबाईकडे उत्तर होतं. समाजमंदिर नव्हतं तेव्हा, पण जनीचं नाव होतं, लेकरं होती, गावाची बोलावणी होती. तिनं पदरानं ओट्याची कड पुसली.

"माज्या आज्याला तू मांडवात आनलास," भगवान म्हणाला. "त्याचा ह्यो मान. घे. पन माज्या बाबाला तू काय आनशील? त्याला कलवाला आता कुठला मांडव घालू मी?"

मानाचं सूप त्यानं ओट्याच्या कडेला ठेवलं आणि तो निघून गेला. वरून विमान खाली उतरत होतं, त्याच्या आवाजात भगवानची चप्पल ऐकू आली नाही.

संध्याकाळी कुंदन कामावरून आला, तर आई ते तांदूळ निवडत बसलेली. लुगड्याची घडी मोडलेली नव्हती.

"कुंदन, ऐक. तुज्या पोरीच्या लग्नात घराची नावं घेशील, तवा जनीचा नाव घे. ती बावीस वर्सांची होती, तिला कलला नाय. माजा घेऊ नको."

"काय बोलतंस?"

"मना सगला कलत होता. मी भाईर उभी राहीन."

कुंदननं बूट काढले, एक इकडे, एक तिकडे. "आता धवला गानार कोन हाय, आये? तू गेलीस की संपला. भटजी नावं घेतो काय कोनाची? सगलीच भाईर."

सोनाबाईनं तांदळातला खडा उचलला, बघितला आणि अंगणात फेकला.