यादीत नसलेली गोळी

मुलगी उभ्याउभ्या झोपते, ही गोष्ट आईच्या मनातून काही केल्या जाईना. स्वयंपाकघराच्या दाराला पाठ टेकलेली, हातात चहाचा कप, डोळे मिटलेले, आणि कप मात्र सरळ. थेंबही सांडत नाही. अकरा वर्षं काउंटरमागे उभं राहून आलेली ही विद्या आहे, असं मुलगी स्वतःच सांगते आणि हसते. आईला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. चौतीस वर्षांच्या बाईला पायांना घट्ट मोजे घालून कामावर जावं लागतं, सुटीच्या दिवशीही तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं जात नाहीत, आणि विचारावं तर एकच उत्तर, "काही नाही गं, जरा दमलेय."

घरात तिला खारू म्हणतात. लहानपणी ती खारीसारखे कागद साठवायची, तेही औषधांच्या खोक्यांतले, आठ घड्यांचे, मुंगीएवढ्या अक्षरांचे. कुणाला गोळी लागली की खोकं हिच्याकडे यायचं. तिच्याएवढ्या मुली बाहुल्यांना जेवू घालायच्या, ही बाहुल्यांना विचारायची की आधीपासून कोणती औषधं चालू आहेत. पुढे तिने औषधशास्त्राची पदवी घेतली तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे. ते एवढंच म्हणाले, "चला, बारीक अक्षर वाचायचा रोग वारशाने गेला म्हणायचा."

रुग्णालयासमोरच्या दुकानात ती लागली ती तिथलीच झाली. अरुंद दुकान, छतापर्यंत खण, मागे औषधांचा फ्रिज घरघरतोय, पुढे काचेचा काउंटर आणि त्याच्यापलीकडे सकाळी नऊपासून माणसंच माणसं. कुणाला घाई, कुणाला उलटी येतेय, कुणाला डॉक्टरांचं अक्षर लागत नाही. खारू बिल करते, खणातून गोळ्या काढते, खोक्यावर सकाळ-दुपार-रात्रीची खूण करते, आणि हे सगळं चालू असताना एक प्रश्न विचारते. नवीन काही सुरू केलंय का?

या प्रश्नापायी मालक तिच्यावर वैतागतो. रांग खोळंबते. पण तिला तो सोडवत नाही. दोन गोळ्यांचं आपसात पटतं की नाही हे बघायला दुकानात संगणक आहे, न पटणाऱ्या गोळ्या एकत्र आल्या की तो लाल चौकट दाखवतो. अडचण येते ती नव्या औषधांची. मंजुरी मिळून महिना-दोन महिने झालेलं औषध दुकानात येतं, डॉक्टर लिहायला लागतात, आणि संगणकाच्या यादीत ते चढतं मागाहून. "तो गप्प बसला म्हणजे पटतं असं नाही," खारू सांगते, "त्याला अजून माहीतच नसतं." म्हणून प्रत्येक नव्या औषधाचं पत्रक ती घरी आणते, वाचते, आणि ज्याच्याशी त्याचं बिनसतं त्यांची नावं चिठ्ठीवर लिहून खणाला चिकटवते. औषधाच्या मंजुरीआधीच्या चाचणीतली माणसं निवडून घेतलेली असतात, असं तिचं म्हणणं, माझ्या काउंटरवर येतात ती कुणी निवडलेली नसतात, त्यांच्या पिशवीत आधीच नऊ गोळ्या असतात.

गोळ्यांचं न पटणं म्हणजे काय, हे आईने एकदा विचारलं होतं. खारू म्हणाली, जावा-जावांसारखं. वेगळ्या घरात दोघीही सोन्यासारख्या, एका छताखाली आल्या की भांडी वाजतात. यावर वडिलांनी लगेच टोला हाणला की आमच्या मुलीने या गोळ्यांच्या भानगडीत डोकं घालण्याऐवजी स्वतःच एखादी जाऊ मिळवली असती तर बरं झालं असतं. खारू हसली होती. तेव्हा ती अजून मनापासून हसायची.

आईच्या औषधांची यादीही तिनेच ठळक अक्षरांत लिहून दिलेली. पाच गोळ्या. त्यातली एक रक्त पातळ ठेवणारी, चार वर्षांपूर्वी हृदयाचे ठोके चुकायला लागले तेव्हापासूनची. सगळ्या गोळ्या खारूच आणते. आणि इथेच आईने माती खाल्ली.

झालं असं, की उन्हाळ्यापासून आईची बोटं आखडायला लागली. सकाळी डब्याचं झाकण उघडेना. खारूला सांगावं तर ती कामावरून येणार, पत्रकं उघडून बसणार, डॉक्टरांना फोन करणार, आणि उरलीसुरली झोपही जाणार. त्याच आठवड्यात तिला चक्कर येऊन दुकानात बसवावं लागलं होतं. आईने ठरवलं, एवढा एक भार तरी लेकीवर नको. ती एकटीच सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी नवी गोळी लिहिली, याच वर्षी आलेली, फार चांगली. आधीपासून काय चालू आहे, असं त्यांनी विचारलं. आईला यादी दाखवायची नव्हती, कारण तिच्यावर खारूच्या दुकानाचा नंबर होता आणि डॉक्टर तिथे फोन करतील ही भीती. तेव्हा ती मोठ्या अभिमानाने म्हणाली, "माझी मुलगी औषधांच्या दुकानात आहे, ती सगळं बघते." डॉक्टर निश्चिंत झाले. तीन चौक पलीकडच्या दुकानात तिने गोळ्या घेतल्या, तिथल्या माणसालाही हेच सांगितलं. तोही निर्धास्त झाला. ज्या लेकीच्या भरवशावर दोघांनी विचारायचं सोडलं, त्या लेकीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

वडिलांना मात्र ठाऊक होतं. "सांगून टाक की," ते दोनदा म्हणाले. आईने दटावल्यावर मूग गिळून बसले.

गोळीने गुण आला. तीन आठवड्यांत बोटं वळायला लागली. पण दंडावर निळे डाग दिसू लागले. कपाटाचा नुसता कोपरा लागला तरी हातभर काळंनिळं. वयामुळे होत असेल, असं म्हणून आई लांब बाह्यांचे कपडे घालायला लागली.

रविवारी खारू जेवायला बसली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. ताटात नुसतं चिवडत बसली. मग खाली बघतच तिने सांगितलं की दुकानाच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा रुग्णालयात आहेत. त्यांनाही रक्त पातळ करणारी गोळी होती, आईला असते तीच. ती ते नेहमी खारूकडूनच घ्यायचे. मध्येच त्यांना कुणी सांध्यांची, याच वर्षी आलेली नवी गोळी नमुना म्हणून दिली, फुकट. फुकट मिळालेलं ते कसलं औषध, असं वाटून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. या नव्या गोळीने जुनी शरीराबाहेर पडायची थांबते, रोजची थोडी थोडी साचत जाते. आजोबांना पोटात रक्तस्राव झाला.

"पण तू विचारलं असशील ना त्यांना?" वडील म्हणाले.

"विचारलं होतं, बाबा. बिल करता करता विचारलं. वर न बघता. ते नाही म्हणाले आणि मी पुढचं नाव घेतलं." तिने ताट बाजूला सारलं. "खणाला चिठ्ठी मीच लावली होती. आमच्यापासूनच का लपवतात गं माणसं?"

आईने बाही मनगटापर्यंत खाली ओढली. वडिलांनी तिच्याकडे बघितलं आणि लगेच ताटाकडे. सांगायला तोंड उघडावं तर समोर हा चेहरा. आज एक ओझं आहेच, त्यात आपलं कुठे टाकायचं, असं मनाशी म्हणून आई पाणी प्यायली. जेवण अर्धं टाकून खारू खुर्चीतच झोपली. तासाभराने उठली, पायात मोजे चढवले आणि आजोबांना बघायला रुग्णालयात गेली.

मग तीन दिवस आईच्या जिवाला चैन पडेना. नवी गोळी गुपचूप बंद करावी, तर खारूचंच वाक्य आड यायचं, की आपल्या मनाने सुरू करू नका आणि आपल्या मनाने बंदही करू नका. चालू ठेवावी, तर आजोबा डोळ्यांसमोर. पुढच्या रविवारी सांगू, असं तिने ठरवलं. रविवारी खारूची सुटी असते, तेवढी तरी विश्रांती झालेली असेल.

गुरुवारी सकाळी दात घासताना बेसिनमधलं पाणी लाल झालं. आईने पुन्हा चूळ भरली. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही.

वडील दाराशी येऊन उभे राहिले. बेसिनकडे बघून म्हणाले, "आता रविवारची वाट बघणार आहेस?"

"दुकानात गर्दी असेल या वेळेला. ती दमलेली असेल."

"ती अकरा वर्षं दमलेलीच आहे. तुला काही झालं आणि हे तिला मागाहून कळलं, तर पुढे उभी तरी राहील का ती तिथे?"

आई टॉवेल तोंडाला लावून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. तिच्या लक्षात आलं, आपण लेकीची दमणूक वाचवत नव्हतो. लेक वर बघेल आणि विचारेल, त्या क्षणाला भीत होतो. तिने टॉवेल बाजूला ठेवला.

"ते गोळ्यांचं पाकीट आणा," ती वडिलांना म्हणाली. "नाव नीट वाचून सांगायचंय. आणि फोन द्या इकडे."